तंबू, दोर आणि गॅस कॅनिस्टर विकणाऱ्या दुकानाचा विमा: पॅकेज पॉलिसी की स्वतंत्र पॉलिसी?

कॅम्पिंग, पदभ्रमण आणि गिर्यारोहणाचे साहित्य विकणाऱ्या दुकानाचा विमा उतरवताना मालकासमोर साधारणपणे दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे दुकानदारांसाठी तयार असलेली पॅकेज पॉलिसी. तिच्यात आग, घरफोडी, गल्ल्यातील रोकड, काचा, पाटी आणि थोडेफार सार्वजनिक दायित्व (दुकानात आलेल्याला इजा झाल्यास येणारी जबाबदारी) एकाच कागदावर आणि एकाच हप्त्यात मिळते. दुसरा म्हणजे आग, चोरी, व्यवसायखंड (दुकान बंद पडल्याने बुडालेले उत्पन्न) आणि उत्पादन दायित्व (विकलेल्या वस्तूमुळे इजा झाल्यास येणारी जबाबदारी) यांच्या पॉलिसी वेगवेगळ्या घेऊन आपल्या धंद्याच्या मापाने केलेली रचना. पहिला मार्ग स्वस्त आणि सोपा, दुसरा महाग आणि किचकट, एवढे पाहूनच बहुतेक निर्णय होतात. माझे मत असे की, हप्त्यांची तुलना सर्वांत शेवटी करावी. विकलेली वस्तू दुकानाबाहेर गेल्यावर तिच्या भरवशावर कोणी आपला जीव टांगणार आहे का, हे आधी पाहावे. कपडे किंवा भांडी विकणाऱ्याचे मोठ्यात मोठे नुकसान बहुधा दुकानाच्या चार भिंतींत होते. हार्नेस, म्हणजे गिर्यारोहकाला दोराशी बांधून ठेवणारा पट्टा, विकणाऱ्याचे तसे नसते.

दुकानातील माल

आग, वीज, पूर, वादळ या मूळ धोक्यांपुरते पाहिले, तर दोन्ही मार्गांत फारसा फरक नाही. फरक पडतो तो नुकसान कशाला म्हणायचे या प्रश्नावर, आणि या व्यवसायात हा प्रश्न इतर किरकोळ विक्रीपेक्षा बराच अवघड आहे. शेजारच्या गाळ्याला आग लागून दुकानात केवळ धूर शिरला, असे समजू. एकही वस्तू जळलेली नाही. पण पिसांच्या स्लीपिंग बॅगा आणि फोमच्या मॅट यांनी वास धरला आहे, दोरांच्या गुंडाळ्यांवर काजळी बसली आहे, आणि त्या धुरात आम्लयुक्त वायू होते की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. नायलॉनवर आम्लाचा होणारा परिणाम डोळ्यांना दिसेलच असे नाही. सल्फ्युरिक आम्लाच्या संपर्कात आलेल्या दोराची ताकद, वरून काहीही खूण न उमटता, घटू शकते. ज्या एकेरी गिर्यारोहण-दोराला प्रमाणित चाचणीत ८० किलो वजनाचे किमान ५ जबर झटके सोसावे लागतात, तो असा धूर खाल्ल्यावर थोड्या सवलतीत विकून टाकणे कोणत्याही जबाबदार दुकानदाराला शक्य नाही. नुकसानीचा अंदाज घेणारा सर्व्हेअर मात्र माल झटकून, पुसून विकता येईल असे धरून त्याची उरलेली किंमत भरपाईतून वजा करू शकतो.

पॅकेज पॉलिसीचा मजकूर छापील असतो आणि त्यात बदल करून घेण्याची मुभा क्वचितच मिळते. स्वतंत्र अग्निविम्यात मात्र ब्रोकरमार्फत बोलणी करून एक कलम मागता येते: दोर, हार्नेस, स्लिंग, हेल्मेट यांसारखे सुरक्षा-साहित्य धूर, पाणी किंवा रसायन यांच्या संपर्कात आले आणि ते विक्रीयोग्य असल्याचे उत्पादकाने लेखी दिले नाही, तर ते पूर्ण नुकसान धरले जाईल. मालापुरता विचार केला, तर स्वतंत्र पॉलिसीच्या बाजूने मला हेच सर्वांत सबळ कारण वाटते. तंबूंच्या पॉलियुरेथेन लेपाचे दमट हवेत हळूहळू चिकट होणे किंवा बुटांचे तळवे पडून राहून सुटणे मात्र कोणत्याच मार्गात भरून मिळत नाही, कारण कालांतराने होणारी झीज विम्यात धरलीच जात नाही.

दुसरा मुद्दा गॅस कॅनिस्टरचा आहे. त्यात ब्युटेन, आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. हे वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर ते जमिनीलगत पसरतात आणि तळघरातल्या गोदामात साचून राहतात. ५० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात कॅनिस्टर ठेवू नये, असा इशारा त्यावरच छापलेला असतो. विमा कंपनीच्या दृष्टीने ही साठवण म्हणजे जोखीम बदलणारी महत्त्वाची माहिती आहे. पॅकेज पॉलिसीच्या प्रस्ताव अर्जात व्यवसायाचे स्वरूप लिहायला एक छोटा रकाना असतो, आणि तिथे ‘क्रीडासाहित्य विक्री’ एवढेच लिहून एजंट मोकळा होतो. पुढे आग लागली आणि दुकानात कॅनिस्टरची खोकी होती असे निष्पन्न झाले, तर माहिती दडवल्याच्या कारणावरून संपूर्ण दावा अडकू शकतो. आग कॅनिस्टरमुळे लागली नव्हती, हा युक्तिवाद प्रत्येक ठिकाणी टिकतोच असे नाही. म्हणून कोणताही मार्ग निवडला, तरी कॅनिस्टरची जास्तीत जास्त संख्या, त्यांची जागा आणि तिथल्या हवेशीरपणाची व्यवस्था लेखी कळवावी आणि कंपनीची लेखी पोच जपून ठेवावी. पॉवर बँक, हेडलॅम्प आणि इतर लिथियम बॅटऱ्या यांनाही हेच लागू आहे. दुकान बंद असताना त्या चार्जिंगला लावू नयेत अशी अट पॉलिसीत असू शकते, आणि ती पाळली जात नसेल तर हप्ता भरूनही संरक्षण नाही अशी स्थिती होते.

विमा रकमेच्या बाबतीत हंगामाचा विसर पडू नये. हंगामाच्या तोंडावर या दुकानांतील साठा एरवीच्या दुप्पट होणे नवलाचे नाही, आणि विमा रक्कम मात्र वर्षभराच्या सरासरीवर ठरवलेली असते. प्रत्यक्षात १०० रुपयांचा माल असताना विमा ६० चा असेल आणि नुकसान २० चे झाले, तर अ‍ॅव्हरेजच्या अटीनुसार २० नव्हे, १२ मिळतात. नुकसान विमा रकमेच्या आत असले, तरी ही कात्री लागते, हे अनेकांना दाव्याच्या वेळीच कळते. काही पॅकेज पॉलिसींत ठरावीक महिन्यांसाठी विमा रक्कम आपोआप वाढण्याची सोय असते. ती असेल तर लहान दुकानाला पुरते. स्वतंत्र पॉलिसीत साठ्याची किंमत ठरावीक काळाने कळवून त्यानुसार हप्त्याचा हिशेब करण्याची पद्धत घेता येते. हिशेबनीस शिस्तीचा असेल तर ही पद्धत चांगली, नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

चोरीबद्दल थोडक्यात. दोन्ही मार्गांत घरफोडीसाठी जबरदस्तीने प्रवेश केल्याची खूण बहुधा लागते. गिऱ्हाईक म्हणून आलेल्याने खिशात घातलेले कॅराबिनर आणि जीपीएस घड्याळे, किंवा साठा मोजताना सापडलेली तूट, यांची भरपाई मिळत नाही. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत प्रदर्शनासाठी उभारलेले तंबू आणि मेळाव्याला नेलेला माल हे ‘विमाकृत जागे’च्या बाहेर असतात, त्यांच्यासाठी वेगळी जोड लागते.

हंगाम बुडाला तर

व्यवसायखंडाचे संरक्षण पॅकेजमध्ये बहुधा ऐच्छिक असते. ते घेतले, तरी भरपाई रोजच्या ठोक रकमेत किंवा मोजक्या आठवड्यांपुरती मिळते. या व्यवसायाला ते फार तोकडे पडते. मोठे ब्रँड पुढच्या हंगामाच्या ऑर्डरी कित्येक महिने आधी घेतात. हंगामाच्या तोंडावर दुकान जळाले, तर दुरुस्ती दोन महिन्यांत झाली तरी विकायला माल नसतो, आणि खरे नुकसान पुढच्या हंगामापर्यंत रेंगाळते. स्वतंत्र पॉलिसीत भरपाईचा कालावधी १२ किंवा १८ महिने ठरवता येतो, आणि नुकसान मोजताना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांची विक्री आधार धरली जाते. वर्षभर सारखी विक्री असलेल्या दुकानाला हा फरक जाणवणार नाही; ज्याची निम्मी विक्री तीन-चार महिन्यांत होते, त्याने मात्र इथे काटकसर करू नये.

दुकानाबाहेरची जबाबदारी

आता खऱ्या निर्णायक मुद्द्याकडे येऊ. पॅकेज पॉलिसीतील सार्वजनिक दायित्व म्हणजे दुकानात गिऱ्हाईक घसरून पडले, वरच्या फळीवरून स्टोव्ह डोक्यात पडला, यासाठीचे संरक्षण. विकलेल्या वस्तूमुळे नंतर, दुसरीकडे कुठेतरी झालेली इजा त्यात येतेच असे नाही. कित्येकदा ती स्पष्ट शब्दांत वगळलेली असते. जिथे ती घेतलेली असते, तिथे तिची मर्यादा बहुधा सार्वजनिक दायित्वाच्या मर्यादेतच मोजली जाते, आणि एका गंभीर अपघातात ती संपून जाऊ शकते.

‘वस्तू मी बनवली नाही, मी फक्त विकली’ हे उत्तर कायद्यापुढे किती चालेल, हे देशानुसार बदलते. पण त्याच्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. युरोपीय समुदायाच्या १९८५ च्या उत्पादन दायित्व निर्देशाने समुदायाबाहेरून माल आणणाऱ्या आयातदाराला आणि वस्तूवर स्वतःचे नाव घालणाऱ्याला उत्पादकाच्या रांगेत बसवले. उत्पादक कोण हे कळत नसेल आणि विक्रेता ते सांगू शकत नसेल, तर विक्रेत्यालाही. त्या चौकटीत नुकसान झालेल्याला वस्तूतील दोष, इजा आणि त्या दोहोंमधील संबंध सिद्ध करावा लागतो, निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. म्हणून जो दुकानदार थेट कारखान्यातून हेडलॅम्प मागवतो किंवा स्वतःच्या नावाचे ट्रेकिंग पोल बनवून घेतो, त्याने पॅकेजवर थांबू नये.

नामांकित कंपन्यांचाच माल विकणाऱ्यासाठी मधला मार्ग आहे. उत्पादकाच्या दायित्व-विम्यात विक्रेत्यांनाही सामावून घेणारी एन्डॉर्समेंट, म्हणजे पुरवणी, असू शकते. तिची प्रत वितरकाकडून मागून घ्यावी. मात्र तिचे अपवाद बारकाईने वाचावेत. विक्रेत्याने वस्तू बदलली, वेष्टन फोडून पुन्हा बांधली, दोर मीटरवर कापून दिला आणि त्यावरची सूचनापत्रिका दिली नाही, किंवा उत्पादकाने न दिलेली हमी स्वतः तोंडी दिली, तर ते संरक्षण गळून पडते. काउंटरवर घडणारा प्रसंग पाहा. गिऱ्हाईक सहा मिलिमीटरचा दोर हातात घेऊन विचारते, “यावरून खाली उतरता येईल ना?” आणि गर्दीच्या वेळी नवा विक्रेता “हो, हरकत नाही,” म्हणतो. तो दोर साहाय्यक कामांसाठी असतो. अपघात झाला, तर दोष वस्तूचा नसतो, सल्ल्याचा असतो. आणि सल्ल्यातून उद्भवणारे दायित्व पॅकेजमध्ये तर नसतेच, स्वतंत्र उत्पादन-दायित्व पॉलिसीतही ते वगळलेले असू शकते. ज्या दुकानात बूट मापून देणे, सॅक पाठीला बसवून देणे, हार्नेस घालून दाखवणे हे रोजचे काम आहे, तिथे हे संरक्षण नाव घेऊन मागावे.

दायित्वाची पॉलिसी कोणत्या घटनेला धरून चालते, तेही तपासावे. एका प्रकारात इजा पॉलिसीच्या मुदतीत झालेली असावी लागते, दावा नंतर आला तरी चालतो. दुसऱ्यात दावा मुदतीत दाखल व्हावा लागतो आणि घटना ठरावीक मागील तारखेनंतरची असावी लागते. दुसरा प्रकार सुरुवातीला स्वस्त पडतो. पण विमा कंपनी बदलताना ती मागील तारीख पुढे सरकू दिली, तर आधीच्या सगळ्या वर्षांचे संरक्षण हातचे जाते. जाणीवपूर्वक घेतला तर तो वाईट नाही, नकळत घेतला तर धोकादायक आहे. ऑनलाइन विक्री परदेशात जात असेल, तर कोणत्या देशांतील न्यायालयांचे निवाडे मान्य आहेत हेही पाहावे. अमेरिका आणि कॅनडा अनेक पॉलिसींत सरळ वगळलेले असतात.

भाडे, दुरुस्ती आणि सहली

तंबू, सॅक, क्रॅम्पॉन भाड्याने देणे सुरू झाले की दुकानाची जोखीम बदलते. वस्तू अनोळखी हातांतून जाऊन परत येते, आणि ती पुढच्याला देण्याआधी तपासण्याची जबाबदारी दुकानाची असते. पॅकेज पॉलिसी केवळ विक्री गृहीत धरते. भाड्याने नेलेला माल परत न आणणे हे तिच्या लेखी चोरीही नसते. स्वतंत्र रचनेत भाड्याचा माल आणि त्यातून येणारे दायित्व दोन्ही घेता येतात, पण विमा कंपनी तपासणीची नोंदवही मागते, आणि ती मागणी रास्त आहे. प्रत्येक हार्नेसचा क्रमांक, खरेदीची तारीख, प्रत्येक फेरीनंतरची तपासणी आणि निकालात काढल्याची तारीख इतके तरी त्यात असावे. कापडी सुरक्षा-साहित्याला अनेक उत्पादक वापर नसला तरी कमाल १० वर्षांचे आयुष्य देतात, त्यामुळे ही वही विम्याखेरीजही आवश्यकच आहे. स्टोव्हची दुरुस्ती आणि दुकानाच्या नावाने नेलेल्या सहली यांसाठी दोन्ही मार्गांत वेगळी, स्पष्ट नोंद लागते. सहभागी लोकांकडून सही करून घेतलेला जबाबदारी-माफीचा कागद विम्याची जागा घेत नाही.

कोणी काय निवडावे

तंबू, सॅक, बूट, कपडे आणि नामांकित कंपन्यांचे हेडलॅम्प विकणारे, भाडे आणि आयात नसलेले दुकान पॅकेज पॉलिसीवर नीट चालू शकते. मात्र हंगामी वाढीची सोय आणि उत्पादन दायित्वाची स्वतंत्र मर्यादा त्यात जोडून घ्यावी, आणि विक्रेत्यांसाठीची एन्डॉर्समेंट फायलीत असावी. दोर, हार्नेस, कॅराबिनर विकणाऱ्याने माल आणि रोकड यांसाठी पॅकेज ठेवून दायित्वाची पॉलिसी वेगळी घ्यावी. खर्च आणि संरक्षण यांचा मेळ मला इथे सर्वांत चांगला बसलेला दिसतो. हप्ता वाचवायचाच असेल, तर काचा, पाटी आणि किरकोळ रोकड यांवर स्वतः सोसायची रक्कम वाढवून वाचवावा, दायित्वाची मर्यादा कमी करून नव्हे. आयात, स्वतःचा ब्रँड, भाडे किंवा सहली यांपैकी एक जरी गोष्ट असली, तरी संपूर्ण रचना स्वतंत्र करावी आणि या क्षेत्राचे दावे हाताळलेला ब्रोकर शोधावा.

दुकान विकताना किंवा बंद करताना हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आज विकलेला हार्नेस आणखी सहा-सात वर्षे वापरात राहील, आणि वर सांगितलेल्या दायित्व पॉलिसीच्या दोन्ही प्रकारांत पॉलिसी बंद झाल्यानंतर घडलेला अपघात तिच्या कक्षेबाहेर जातो. स्वतंत्र दायित्व पॉलिसी देणाऱ्या कंपनीकडे बंद झालेल्या व्यवसायासाठी पुढील काही वर्षांचे संरक्षण एकरकमी हप्त्यात मागता येते, पॅकेजमध्ये अशी सोय सहसा नसते. त्यामुळे दुकान हस्तांतरित करण्याच्या करारावर सही होण्याआधीच, जुन्या विक्रीचे दायित्व कोणाकडे राहणार आणि त्या संरक्षणाचा हप्ता कोण भरणार, हे करारातच लिहून घ्यावे.