रिपोर्टमधला शब्द कुठे शोधावा?

पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला, शेवटच्या ओळीत 'सिंपल रीनल सिस्ट' (मूत्रपिंडावरची पाण्यासारख्या द्रवाने भरलेली साधी पिशवी) असं लिहिलंय आणि डॉक्टरांची वेळ परवाची. परवापर्यंत कोणी थांबत नाही. त्यामुळे 'नेटवर शोधूच नका' हा सल्ला बाजूला ठेवू आणि शोधायचं तर कुठे, एवढंच बघू. हाच शब्द घेऊन मी बऱ्याच ठिकाणी फिरलोय.

रुग्णांसाठी मुद्दाम लिहिलेली पानं, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं मेडलाइनप्लस, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची वेबसाइट, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाची वेबसाइट. अशा पानांवर दोन मिनिटांत मुद्दा कळतो: मूत्रपिंडावरच्या साध्या सिस्ट वय वाढेल तशा जास्त आढळतात, बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही आणि साधी सिस्ट म्हणजे कॅन्सर नव्हे. मेडलाइनप्लसवर जाहिरातीही नसतात. खोट एकच, भाषा फार जपून वापरलेली. शेवटी 'डॉक्टरांशी बोला' येतंच. कंटाळवाणं आहे, पण रात्री अकरा वाजता मला कंटाळवाणंच हवं असतं.

औषधाच्या मात्रेसाठी तर दुसरीकडे जाऊच नये. तिथेही एक मेख आहे. ब्रिटनच्या पानावर 'पॅरासिटामॉल' असतं, अमेरिकेच्या पानावर 'अ‍ॅसिटामिनोफेन'. औषध एकच. एनएचएस प्रौढांसाठी सांगतं: ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, मध्ये किमान चार तास, आणि २४ तासांत जास्तीत जास्त ८. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा आणखी कमी असू शकते. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्येही बरेचदा हेच औषध असतं. दोन नावं म्हणजे दोन औषधं असं समजून दोन्ही घेतली, तर भार यकृतावर पडतो.

पबमेडवर गेलात की अभ्यासू वाटतं. इथेच हुशार माणसं फसतात. पबमेड ही शोधनिबंधांची सूची आहे, शिफारस नव्हे. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा १९९८ चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध आजही तिथे सापडतो. तो २०१० मध्ये मागे घेतला गेला, तशी नोंदही आहे, पण ती वाचायला हवी ना! दुसरा धोका जास्त छुपा. सिस्ट शोधली की फुटलेली सिस्ट, प्रचंड वाढलेली सिस्ट असल्या केस रिपोर्टांची, म्हणजे एखाद्याच रुग्णाच्या हकिकतींची, रांग लागते. ते छापले जातात ते दुर्मीळ असतात म्हणूनच; घाबरलेल्या वाचकाला मात्र ते नेहमीचेच वाटतात.

'हा उपचार खरंच लागू पडतो का?' असा प्रश्न असेल तर सुटे निबंध चाळण्यापेक्षा कॉक्रेनचे आढावे बरे. १९९३ मध्ये सुरू झालेली ही संस्था एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून, ते पारखून निष्कर्ष काढते आणि सोप्या भाषेत सारांशही देते. उत्तर अनेकदा 'पुरावा अपुरा' असं येतं. मला ते पटतं. काहींची निराशा होते.

आकडा कुठेही दिसो, 'कितीपैकी किती' हे विचारावं. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा आला की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात ७,००० पैकी एकीऐवजी दोघींना. 'दुप्पट' ऐकून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात वाढले. आकडा खरा होता, सांगण्याची पद्धत घातकी ठरली.

विकिपीडियाला मी लोक देतात त्यापेक्षा जास्त गुण देतो, पण पाठ्यपुस्तकासारखा वापरला तरच. सिस्टचे प्रकार ठरवणारं बॉस्नियाक वर्गीकरण, १ ते ४ आणि मधला '२एफ', तिथे नीट समजतं. मात्रेसाठी तो नको. संपादन कोणीही करू शकतं आणि शून्य एकच वाढवावं लागतं.

एआय चॅटबॉटचं उलट. तुमचा रिपोर्ट तो तुमच्या भाषेत सोपा करून देतो, डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही काढून देतो. या दोन कामांना तो छान. पण 'हा कॅन्सरच असेल ना?' असं विचारलंत तर उत्तर त्याच सुरात येऊ शकतं. त्याने दिलेला संदर्भ पबमेडवर शोधून बघा, कधी कधी असा निबंधच नसतो. चुकतानाही त्याचा आवाज तितकाच ठाम असतो, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच.

वेबसाइटवर दिसणाऱ्या प्रमाणपत्राच्या शिक्क्यांवर विसंबू नये. आरोग्याच्या वेबसाइटना एकेकाळी 'हेल्थ ऑन द नेट' या संस्थेकडून 'हॉन कोड'चा शिक्का मिळायचा. ती संस्था २०२२ च्या शेवटी बंद झाली, तेव्हा शिक्का कुठे दिसलाच तर त्यामागे आता तपासणारं कोणी नाही.

उरले अनुभवाचे व्हिडिओ. शस्त्रक्रियेनंतर किती दिवस वाकता येत नाही, झोप कशी लागते, हे कुठल्याच सरकारी पानावर इतकं नेमकं मिळत नाही. तेवढ्यासाठी जरूर बघा. बोलणारा माणूस बाटली दाखवून लिंक खाली आहे म्हणाला, की बंद करा.