लेन्को एल ७५ वर रेगा आरबी ३०० : आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या टर्नटेबलचं दुखणं एका ओळीत सांगायचं तर, विलंबित सुरेख आणि द्रुत फाटकं. ख्यालाची कुठलीही एलपी लावा, पहिली पंधरा मिनिटं गाणं नुसतं झिरपत राहायचं. मग बंदिश द्रुतात शिरली, ताना जोरात यायला लागल्या की 'स'चा 'श्श' व्हायचा आणि तबल्याच्या चाटीवर कोणीतरी राख भुरभुरवल्यासारखं वाटायचं. बरीच वर्षं मी रेकॉर्डलाच दोष देत आलो. मुंबईच्या एका स्नेह्यांकडे माझीच रेकॉर्ड त्यांच्या यंत्रावर शेवटपर्यंत स्वच्छ वाजली, तेव्हा घरी येताना कसाऱ्यापासून धुळ्यापर्यंत दुसरं काही डोक्यात नव्हतं.

यंत्र लेन्को एल ७५, स्विस. मोठे मामा बोटीवर होते, त्यांनी १९७४ साली आणलेलं. याची जवळपास ४ किलोची थाळी पट्ट्यावर फिरत नाही. मोटरचा निमुळता दांडा आडवा असतो, त्यावर रबरी कडेचं एक उभं चाक टेकतं आणि ते थाळीला खालून ढकलतं. चाक दांड्यावर पुढे-मागे सरकवलं की १६ पासून ७८ पर्यंत हवा तो वेग मिळतो. ही बाजू आजही ठणठणीत. मोटरला तेल, चाकाची कड पुसणं, एवढ्यावर ती चालते.

नाजूक जागा एकच, मूळचा टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा. तो सुरीच्या पात्यासारख्या धारेवर टेकतो आणि ती धार इंग्रजी व्ही आकाराच्या दोन छोट्या ठोकळ्यांत बसते. वर्षं गेली की हे ठोकळे कडक होऊन त्यांचा भुगा पडतो. धुळ्याच्या उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, माझ्या ठोकळ्यांची अवस्था शिळ्या भाकरीसारखी झाली होती. तुमच्याकडे लेन्को असेल तर आर्मचं पुढचं टोक दोन बोटांत हलकेच धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. टकटक लागली तर ठोकळे गेले समजा. मी एकदा ते बदलले होते. टकटक कमी झाली, पण द्रुत फाटायचं ते फाटतच राहिलं.

म्हणून आर्मच बदलायचा ठरवलं. नवीन सुट्या आर्मचे पर्याय आता कमी झालेत. इंग्लंडच्या एसएमई कंपनीने २०१९ च्या शेवटी सुटे आर्म विकणं थांबवलं आणि जपानची जेल्को २०२० साली बंदच झाली. रेगा या इंग्लंडच्याच कंपनीचा आरबी ३०० हा आर्म १९८३ सालचा. हेडशेलपासून, म्हणजे सुईकडच्या टोकापासून, बेअरिंगच्या घरापर्यंत नळी एकाच ओतकामात, मध्ये सांधा नाही. जुन्या बाजारात तो अजून सापडतो. मला २४ हजारांना मिळाला. कुरियरचं खोकं उघडलं तर आर्म चकचकीत, बेअरिंग मऊ, मागचं वजन म्हणजे काउंटरवेट वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आणि आर्म खालून आवळायचा मोठा नट गायब. फोटोत तो स्पष्ट दिसत होता. विकणाऱ्याला चार फोन केले, पाचवा त्याने उचलला नाही. जुना माल घेताना व्हिडिओ कॉलवर प्रत्येक सुटा भाग हातात धरून दाखवायला सांगा, लाजू नका.

नट आणि आर्म बसवायची पट्टी, दोन्ही कामं एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे नेली. हा माणूस एरवी पंपाचे शाफ्ट वळतो. रेगाला साधारण २४ मिलिमीटरचं एकच भोक लागतं, पण त्या भोकाचा मध्य थाळीच्या खुंटाच्या मध्यापासून बरोबर २२२ मिलिमीटरवर हवा. लेन्कोच्या जुन्या भोकाशी ते जुळत नाही, म्हणून ६ मिलिमीटर अॅल्युमिनियमची पट्टी करून वरून बसवायची आणि खालच्या पत्र्याचं भोक मागच्या बाजूला थोडं कानसायचं असं ठरलं. हे कानसणं जिवावर आलं. पन्नास वर्षांच्या पत्र्याला आपण घासलेलं परत भरून येत नाही.

पहिली पट्टी घरी आणून बसवली आणि कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) कुठल्याही कोनात लावलं तरी कोन जुळवायच्या साच्यावरच्या रेघेला जुळेना. हेडशेलच्या खाचा संपल्या तरी सुई मागेच राहायची. रात्री अकरा वाजता कॅलिपर काढून खुंट मोजला, ७.२ मिलिमीटर, आणि डोक्यात प्रकाश पडला. पठ्ठ्याने २२२ हे खुंटाच्या मध्यापासून न धरता कडेपासून धरले होते! म्हणजे मध्यापासून २२५.६. सकाळी दुकान उघडायच्या आधीच त्याच्या दारात.

"साडेतीन मिलीमीटरमा काय व्हस, जिभाऊ?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "तुझ्या शाफ्टला साडेतीन मिलिमीटरचा फरक आला तर गिऱ्हाईक घेईल का?" तो काही बोलला नाही. दुसरी पट्टी तासाभरात दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. नट आणि पट्टी मिळून नऊशे रुपये. सगळ्या खर्चात हेच नऊशे मला सर्वांत जास्त वसूल झालेले वाटतात.

आता मुद्द्याचं. आर्म एका टोकाला खिळलेला असतो, त्यामुळे सुई रेकॉर्डवर सरळ रेषेत न जाता कमानीत जाते. खाचेशी ती अगदी समांतर असते ती फक्त दोन जागी, बाकी सगळीकडे थोडी तिरकी. या दोन जागा कुठे ठेवायच्या याचे हिशेब वेगवेगळे आहेत. बेअरवाल्डच्या पद्धतीने त्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात, स्टीव्हनसनच्या पद्धतीने ६०.३ आणि ११७.४ वर. बेअरवाल्डने सगळ्या रेकॉर्डवर मिळून तिरकेपणाचा त्रास कमी राहतो. स्टीव्हनसन मात्र शेवटच्या खाचांना झुकतं माप देतो. परदेशी लेखांत बेअरवाल्डचीच शिफारस जास्त वाचायला मिळते, मीही आधी तोच साचा लावला होता.

पण आपली एलपी डोळ्यांसमोर आणा. ३३ च्या वेगाला सुईखालून खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते, आतल्या कडेला जेमतेम २१. तेवढ्याच सुरांना निम्म्याहून कमी जागा. आणि आपल्याकडे या अडचणीच्या जागी काय येतं? द्रुत बंदिश, तराणा, सतारीचा झाला. मैफलीचा सगळा जोर रेकॉर्डच्या सर्वांत गरीब गल्लीत. पाश्चात्त्य सिंफनीचा शेवटही बऱ्याचदा असाच दणक्यात असतो, स्टीव्हनसनच्या हिशेबामागे तेच कारण. रेगाचा स्वतःचा साचा १५ मिलिमीटर ओव्हरहँगचा (सुई खुंटाच्या मध्यापलीकडे तेवढी पुढे जाते), म्हणजे जवळपास स्टीव्हनसनसारखाच. दोन आठवडे बेअरवाल्डवर ऐकून मी रेगाच्या साच्यावर आलो. मधल्या भागात फरक कळलाच नाही. शेवटच्या चार मिनिटांत मात्र कळला, आणि तो मला एकट्याला नाही. आई आतून भाजी निवडत म्हणाली, "आते शेवटले फाटत नही आवाज." हीच आई पंधरा दिवस आधी "चांगलं वाजे ना ते, मंग कसाले फोडं?" म्हणून माझ्यावर डाफरत होती.

कार्ट्रिज ऑडिओ टेक्निकाचं व्हीएम ९५ ई, साडेपाच हजाराचं. यात दोन सोयी. अंगातच आटे असल्यामुळे मागे नट धरून बोटं वाकडी करावी लागत नाहीत. आणि दुसरी म्हणजे सुई ओढून बदलता येते, ती पुढे सांगतो. आर्मशी जोडी जमते का हे आधी कागदावर बघितलं. आर्मचं परिणामी वजन, म्हणजे हलताना सुईला जाणवणारं, सुमारे ११ ग्रॅम, कार्ट्रिज ६.१, स्क्रू धरून साडेसतरा. जपानी कंपन्या सुईचा लवचीकपणा १०० हर्ट्झला मोजून देतात, तो इथे ७ आहे. आपल्याला १० हर्ट्झच्या आसपासचा हवा असतो, म्हणून दीड ते दोन पट धरायचा. १३ धरला तर आर्मचं डोलणं साडेदहा हर्ट्झच्या आसपास येतं. ८ ते १२ मध्ये असलं की झालं. वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे त्याच्या खाली राहतात, गाणं वर.

वजन लावायची गंमत वेगळीच. सुईवर २ ग्रॅम हवे होते. सराफ बाजारात मावसभाऊ आहे, त्याचा काटा मिलिग्रॅमपर्यंत बोलतो. म्हटलं, याहून चांगला काटा कुठे मिळणार? सुई टेकवायला गेलो तर ती टेकायच्या आधीच खाली खेचली गेली आणि आकडा एकदम २.६ वर. पुन्हा केलं, २.३. तिसऱ्यांदा २.७. भाऊ म्हणाला, "दादा, माझ्या काट्यावर सोनं असं नाही नाचत." मग लक्षात आलं, काट्याची वाटी लोखंडी आणि कार्ट्रिजमध्ये चुंबक! शिवाय काटा रेकॉर्डपेक्षा उंच, त्यामुळे आर्म वर उचलला जाऊन मोजमाप अजून चुकत होतं. शेवटी सहाशे रुपयांचा छोटा, प्लॅस्टिकच्या पट्टीचा काटा मागवला, तो रेकॉर्डच्या उंचीला बसतो. आरबी ३०० च्या बाजूला स्प्रिंगने सुईवरचं वजन लावायची चकती असते, तिच्यावर २ लावलं होतं, काट्यावर १.८५ आलं. चाळीस वर्षांच्या स्प्रिंगकडून एवढं चालायचंच, पण चकतीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

या आर्मचा एक खरा दोष म्हणजे उंची कमी-जास्त करायची सोयच नाही. माझ्या पट्टीवर तो मागून जवळपास ३ मिलिमीटर वर राहिला. पट्टी पुन्हा घासण्याऐवजी मी रबरी मॅटखाली ३ मिलिमीटरचं कॉर्क टाकून रेकॉर्डच वर घेतली. १ मिलिमीटरला कोनात जेमतेम पाव अंशाचा फरक पडतो, त्यामुळे यावर फार झोप उडवू नये असं माझं मत. घुरघुरीने मात्र तीन रात्री खाल्ल्या. रेगाला वेगळी अर्थिंगची तार नसते, आर्म केबलच्या जाळीतूनच अर्थ होतो. लेन्कोचा पत्रा मात्र त्याने अर्थ होत नाही. पत्र्यापासून फोनो अॅम्पच्या (कार्ट्रिजचा बारीक आवाज मोठा करणाऱ्या डब्याच्या) स्क्रूला एक तार जोडली आणि घुरघुर गेली. आमच्या जुन्या घराचं अर्थिंगही नावालाच होतं, ते वायरमनकडून नीट करून घेतलं.

आठ महिन्यांत काय बदललं? मे महिन्यात दुपारी व्होल्टेज दोनशेवर आलं की थाळी मंदावते, ते आधीही होतंच, आर्मचा त्याच्याशी संबंध नाही. वेग तपासायला १८० रेघांची चकती वापरतो, पण चांगला एलईडी लुकलुकत नाही, त्याच्याखाली ती काही सांगत नाही, एक जुना पिवळा दिवा मुद्दाम ठेवलाय. पावसाळ्यात एकदा कार्ट्रिजचे स्क्रू किंचित ढिले झालेले सापडले. बेअरिंग तसंच आहे, टकटक शून्य. धूळ मात्र विचारू नका. फागुनात वारा सुटला की रेकॉर्डच्या एका बाजूतच सुईवर कापसाची गाठ जमते.

७८ च्या तबकड्यांसाठी रेगाचं हेडशेल न सुटणारं, हे मला आधी नडेल असं वाटलं होतं. व्हीएम ९५ ची जाड सुई घेतली, ती ओढून बदलली की झालं, कार्ट्रिजला हात लावावा लागत नाही. पण तिला ५ ग्रॅम लागतात आणि रेगाची चकती ३ वर संपते. म्हणून चकती शून्यावर ठेवून सगळं काउंटरवेटने मोजायचं आणि परत एलपीकडे येताना पुन्हा तेच. रविवारी जमतं, रोज नाही. आजोबांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या त्यामुळे रविवारच्याच झाल्या आहेत.

ज्यांच्या लेन्कोचा मूळ आर्म टकटक करत नाही, त्यांनी आधी फक्त नवीन ठोकळे आणि कार्ट्रिजचा कोन बघावा. माझ्या एकूण खर्चात आर्मचा वाटा सर्वांत मोठा, पण कानाला जे मिळालं त्यातलं निम्मं साच्याने आणि त्या पट्टीने दिलं. मूळ आर्म धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, विकणार नाही.

आणि एक, लेन्कोवाल्यांसाठी खास. वीज गेली की थाळी लगेच थांबत नाही, चार किलोचा भार हळूहळू मंदावतो आणि सूर गळत-गळत खाली येतो. अशा वेळी अंधारात आधी लिफ्टची दांडी चाचपून आर्म उचला. मग चालू-बंदचा खटका न विसरता बंदवर करा, नाहीतर आतलं रबरी चाक थाळीला टेकलेलंच राहतं आणि वीज रात्रभर आली नाही तर त्याला खळगा पडतो. माझ्या चाकाला तो पडला होता. पुढचे काही दिवस प्रत्येक फेरीला एक बारीक ठेका ऐकू यायचा, आणि तो कुठल्याच तालात नव्हता.