भिंत फाटलेलं जुनं घर: पाया खाली न्यायचा की पाणी वळवायचं?
विदर्भ-मराठवाड्यात काळ्या मातीवरच्या जुन्या घरांच्या भिंती उन्हाळ्यात फाटतात आणि पावसाळ्यात त्याच भेगा थोड्या मिटतात. या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज पाणी मिळालं की फुगतं, वाळलं की आक्रसतं.

एक उपाय म्हणजे पाया खोल नेणं. भिंतीखाली साधारण मीटरभराचे तुकडे एकाआड एक खणायचे, टणक मुरुमापर्यंत जायचं, काँक्रीट भरायचं. ते पक्कं झालं की मधले तुकडे. सलग चर खणला तर भिंतच कोसळू शकते. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअर नसताना कुणालाही हे करू देऊ नका. खर्चही मोठा.

दुसरा उपाय मातीतला ओलावा स्थिर ठेवण्याचा: घराभोवती बाहेर उतार दिलेली रुंद फरसबंदी, छपराला पन्हाळ, गळक्या मोरीची दुरुस्ती. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, कारण कितीतरी घरांचा कोपरा फुटक्या पाइपामुळेच खचलेला असतो. (भिंतीजवळचं मोठं झाड मात्र घाईने तोडू नका; मुळं पाणी ओढायची थांबली की माती फुगून उलटा त्रास होतो.)

निवड करण्याआधी भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोका आणि दर महिन्याला अंतर मोजा. ऋतूप्रमाणे ते कमी-जास्त होत असेल तर पाणी वळवा. सतत वाढतच असेल, दारं अडकू लागली असतील, तर पायाचं काम टाळू नका. तोवर भेगेत सिमेंट भरू नका. शेजारी नवी भेग पडते.