ल्वारच्या खोऱ्यातले राजवाडे : कुठे रेंगाळावे, कुठे बाहेरूनच परतावे

फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्याची ओळख बहुतेक माहितीपत्रकांत 'राजवाड्यांचे खोरे' अशी करून दिलेली असते आणि सोबत सुंदर छायाचित्रांसह वास्तूंची एक लांबलचक यादी असते. ही यादी चुकीची नाही, पण ती सगळ्या वास्तूंना एकाच मापाने मोजते. प्रत्यक्षात यांतल्या काही वास्तूंमध्ये माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यांनी त्या वाढवल्या, मोडल्या, पुन्हा बांधल्या. काही मात्र केवळ मिरवण्यासाठी उभ्या राहिल्या आणि बराच काळ ओस पडल्या. हा फरक उंबरठा ओलांडताच जाणवतो. वेळ आणि पैसा कुठे खर्च करावा हे ठरवताना मला ही एकच कसोटी खऱ्या अर्थाने कामाची वाटली.

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी असून तिच्या काठचा स्यूली-स्यूर-ल्वार ते शालोन हा सुमारे २८० किलोमीटरचा पट्टा २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. शंभर वर्षांच्या युद्धात पॅरिस शत्रूच्या हाती गेल्यावर फ्रान्सचा राजदरबार या बाजूला सरकला आणि पुढे शंभरेक वर्षे इथेच रमला. बांधकामाला लागणारा तुफो नावाचा पांढरा, मऊ चुनखडीचा दगड इथल्या टेकड्यांतच मिळतो. तो कोरायला सोपा असल्यामुळे इथल्या कमानींवर आणि धुराड्यांवर एवढी नक्षी दिसते, आणि तो काढल्यानंतर मागे उरलेल्या खाणींत आजही दारू मुरवली जाते व अळंबी पिकवली जाते.

सुरुवात सगळे जण करतात त्या शाँबोरपासूनच करू. फ्रान्स्वा पहिला या राजाने १५१९ मध्ये हे काम काढले. सुमारे ५,४४० हेक्टरांचे राखीव जंगल, त्याभोवती ३२ किलोमीटरची भिंत आणि मधोमध चारशेहून अधिक दालनांची ही वास्तू, असा सगळा भव्य मामला आहे. पण स्वतः राजा आपल्या ३२ वर्षांच्या कारकिर्दीत इथे जेमतेम ७२ दिवस राहिला. दरबार आला की सामानसुमान, गालिचे, पलंग, सारे गाड्यांवर लादून यायचे आणि दरबाराबरोबरच परत जायचे. त्यामुळे आतल्या अनेक खोल्या आजही मोकळ्या आणि थंडगार वाटतात. काही दालने नंतरच्या काळातल्या सामानाने सजवली आहेत, पण त्यांत घरपण नाही. तरीही शाँबोर टाळू नये, कारण इथला मधला जिना केवळ अप्रतिम आहे. एकाच पोकळ गाभ्याभोवती दोन स्वतंत्र गोलाकार जिने एकमेकांत गुंफलेले आहेत, आणि गाभ्याला ठेवलेल्या छोट्या खिडक्यांतून चढणाऱ्याला उतरणारा दिसतो, पण दोघांची गाठ मात्र वाटेत कुठेही पडत नाही. या रचनेमागे लिओनार्दो द विंचीची कल्पना असावी असे अनेक अभ्यासक मानतात. लेखी पुरावा मात्र नाही, आणि काम सुरू होण्यापूर्वीच तो वारला होता. जिन्याने थेट गच्चीवर जावे. धुराडी, मनोरे, दगडी कंदील आणि घुमट यांच्या गर्दीत तिथे अर्धा तास सहज जातो. खोल्या भरभर पाहिल्या तरी चालतील. इथे काढायचा खरा वेळ बाहेर, पाण्यात वास्तूचे प्रतिबिंब दिसते त्या बाजूला काढावा.

याच्या अगदी उलट शनोन्सो. शेर नदीवर पूल टाकून बांधलेल्या या वास्तूला 'बायकांचा राजवाडा' म्हणतात आणि ते नाव तिने कमावलेले आहे. तोमा बोइए या राजाच्या कारभाऱ्याने सोळाव्या शतकाच्या आरंभी जुनी गढी पाडून नवी वास्तू बांधायला घेतली, तेव्हा तो बहुतेक काळ इटलीतल्या मोहिमांवर असल्याने कामावर देखरेख त्याची पत्नी कातरीन ब्रिसोने हिचीच होती. पुढे हेन्री दुसरा याने ही जागा आपली प्रेयसी दियान द प्वातिए हिला दिली आणि तिने नदीवर पूल बांधवला. १५५९ मध्ये राजा वारताच त्याची राणी कॅथरीन द मेदिची हिने दियानकडून शनोन्सो काढून घेतले, बदल्यात शोमाँचा वाडा तिच्या माथी मारला आणि त्याच पुलावर ६० मीटर लांबीचे दालन चढवले. दोघींच्या बागा आजही वाड्याच्या दोन बाजूंना आहेत. कोणाची अधिक देखणी यावर पाहुण्यांमध्ये हमखास वाद रंगतो, आणि मला विचाराल तर माझे मत कॅथरीनच्या छोट्या बागेला.

पण शनोन्सोत सर्वांत जास्त वेळ द्यावा तो तळघरातल्या स्वयंपाकघराला. नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या पुलाच्या पोकळ खांबांच्या आत ही मुदपाकखान्याची दालने आहेत : एकीकडे भला थोरला चुल्हाणा आणि भट्टी, दुसरीकडे मांस तोडायचे ठोकळे आणि सुऱ्या, भिंतींवर उतरत्या आकाराने टांगलेली तांब्याची भांडी, आणि खिडकीखाली वाहते पाणी. धान्य-भाजीच्या होड्या थेट इथल्या धक्क्याला लागत. वरच्या मजल्यावरच्या राण्यांच्या शयनगृहांपेक्षा या खालच्या खोल्यांत घर कसे चालत असेल याचा अंदाज कितीतरी चांगला येतो. पहिल्या महायुद्धात पुलावरच्या त्या लांब दालनात खाटा मांडून रुग्णालय चालवले गेले आणि दोन हजारांहून अधिक जखमी सैनिकांवर तिथे उपचार झाले. खर्च वाड्याच्या मालकांनी, म्हणजे चॉकलेटच्या धंद्यातल्या मनिए कुटुंबाने, उचलला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सची फाळणी करणारी रेषा शेर नदीवरूनच जात होती, त्यामुळे दालनाचे उत्तरेकडचे दार जर्मनांच्या ताब्यातल्या भागात, तर दक्षिणेकडचे दार मुक्त भागात उघडत होते, आणि अनेकांची सुटका या वाटेने झाली. दालनाच्या त्या टोकाशी उभे राहिल्यावर हा इतिहास सांगायला वाटाड्याची गरज उरत नाही. वाड्यातल्या खोल्यांत ताज्या फुलांची मांडणी असते आणि ती फुले वाड्याच्याच मळ्यात पिकवली जातात. एकच खबरदारी घ्यावी : पॅरिसहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहली या जागेची पुरती घाई करतात आणि सगळ्या गाड्या साधारण एकाच सुमारास येऊन थडकतात. सकाळी दरवाजे उघडताच किंवा दुपार कलल्यावर जावे.

ब्ल्वाचा राजवाडा नकाशावर फारसा आकर्षक दिसत नाही, पण अंगणाच्या मधोमध उभे राहून स्वतःभोवती एक गिरकी घेतली की चार बाजूंना चार शतके दिसतात : तेराव्या शतकातले सभागृह, बाराव्या लुईची विटा-दगडांची बाजू, फ्रान्स्वाचा कोरीव उघडा जिना आणि सतराव्या शतकात फ्रान्स्वा मान्सार या वास्तुकाराने रचलेली शिस्तबद्ध बाजू. आतले भडक रंग पाहून दचकू नये. ते बव्हंशी एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराची देणगी आहेत. २३ डिसेंबर १५८८ रोजी तिसऱ्या हेन्रीच्या हुकमावरून ग्वीझच्या सरदाराचा खून याच वाड्यात झाला. कॅथरीनच्या खोलीतल्या कोरीव लाकडी फळ्यांमागे गुप्त कपाटे असून ती भिंतीच्या तळाशी दडवलेली कळ पायाने दाबली की उघडतात. त्यांत विष ठेवले जाई ही कथा पर्यटकांना आवडते. पण तिथे मौल्यवान वस्तू किंवा कागदपत्रे असावीत हेच जास्त पटते.

आंब्वाजबद्दल माझे मत थोडे थंड आहे. नदीवरून दिसणारे दृश्य देखणे, बुरुजाच्या आतून घोडे आणि गाड्या वर नेण्यासाठी केलेली गोलाकार चढण मजेशीर, पण मूळ वास्तूचा फार थोडा भाग आज उरलेला आहे. लिओनार्दोची समाधी इथल्या छोट्या प्रार्थनामंदिरात आहे. त्याने १५१६ ते १५१९ ही अखेरची वर्षे जिथे काढली ते क्लो ल्यूसे हे विटांचे घर जवळच, चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि मुले बरोबर असतील तर राजवाडा सोडून आधी तिथे जावे. त्याच्या रेखाटनांवरून केलेली यंत्रे बागेत मांडलेली असून त्यांतली काही हाताने फिरवूनही पाहता येतात.

व्हिलाँद्रीला आतली दालने पाहिली नाहीत तरी बिघडत नाही. नुसत्या बागेचे तिकीट वेगळे मिळते आणि तेच घ्यावे. होआकिन कार्व्हालो या मूळच्या स्पॅनिश संशोधकाने १९०६ मध्ये ही मालमत्ता विकत घेतली आणि नंतरच्या काळातले उद्यान मोडून सोळाव्या शतकाच्या धर्तीच्या बागा पुन्हा उभ्या केल्या. इथली शान म्हणजे परसबाग. सारख्या मापाचे नऊ चौक, प्रत्येकाची आखणी निराळी, आणि फुलांऐवजी कोबी, बीट, गाजर, भोपळा यांच्या पानांच्या रंगांनी भरलेली नक्षी. निळसर लीकच्या (कांद्याच्या जातीतल्या भाजीच्या) शेजारी जांभळ्या कोबीचा पट्टा वरच्या सज्जावरून एखाद्या पैठणीच्या पदरासारखा दिसतो. लागवड वर्षातून दोनदा, वसंतात आणि उन्हाळ्यात बदलते, आणि जमिनीचा कस टिकावा म्हणून चौकांतली पिके आलटून पालटून घेतली जातात. म्हणजे ही शोभेची बाग असली तरी शेतीचे नियम तिला चुकलेले नाहीत.

आंद्र नदीतला अझे-ल-रिदो बाहेरून सुंदर आहे, आत तासाभरात उरकतो. शव्हेर्नी ज्यांना सामानाने भरलेली, अजूनही मालकांची वस्ती असलेली वास्तू पाहायची असेल त्यांच्यासाठी; शिकारी कुत्र्यांच्या कळपाला एकत्र खायला घालण्याचा कार्यक्रम तिथे होतो, तो सगळ्यांनाच रुचेल असे नाही.

पश्चिमेकडे गर्दी ओसरते आणि माझ्या मते खोऱ्याचा उत्तम भाग तिथेच सुरू होतो. फोंतव्रोचा मठ १८०४ नंतर चक्क तुरुंग होता आणि तो १९६३ पर्यंत तसाच चालला. इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा, त्याची राणी एलिनोर आणि त्यांचा मुलगा सिंहहृदयी रिचर्ड यांच्या रंगीत दगडी प्रतिमा इथल्या उघड्याबोडक्या चर्चमध्ये आडव्या पहुडलेल्या आहेत. एलिनोरच्या हातात उघडे पुस्तक आहे, आणि बाकीचे डोळे मिटून असताना ती एकटी वाचनात गढलेली दिसते. आंजेच्या किल्ल्यात काळ्या आणि पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांचे १७ बुरुज आहेत, पण तिथे जायचे ते बायबलमधल्या जगाच्या अंताची कथा विणलेल्या चौदाव्या शतकातल्या भिंतपडद्यासाठी. क्रांतीनंतर तो तुकडे करून संत्र्याची झाडे थंडीपासून झाकायला आणि घोड्यांच्या तबेल्यात वापरला गेला होता. एकोणिसाव्या शतकात गोळा केलेले तुकडे जोडून सुमारे १०० मीटर लांबीचा भाग आज मंद उजेडात टांगलेला आहे. डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे पहिली काही दृश्ये पुन्हा मागे येऊन पाहावीत.

नदीकाठच्या सायकलमार्गाची, म्हणजे सुमारे ९०० किलोमीटरच्या 'ल्वार-आ-व्हेलो'ची, कीर्ती सार्थ आहे. रस्ता बहुतांशी सपाट, खुणा स्पष्ट. सराव नसणाऱ्यांनी तूर हे शहर ते व्हिलाँद्री एवढाच टप्पा घ्यावा. ल्वारला 'शेवटची रानटी नदी' म्हणण्याची तिथे पद्धत आहे, पण तिच्या काठावर चार अणुवीज केंद्रे आहेत, त्यांतले एक शाँबोरपासून फार दूर नाही, आणि त्याचे शीतमनोरे कोणत्याही माहितीपत्रकात दिसत नाहीत. सपाट तळाच्या लाकडी होडीतून संध्याकाळी जरूर फिरावे. वाळूचे बेट कितीही मोहक दिसले तरी पाण्यात उतरू नये, कारण वाळू सरकते आणि प्रवाह फसवा आहे.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. सेंत-मोरचे बकरीच्या दुधाचे चीज लांबट, राखेत घोळवलेले आणि मधोमध राईच्या गवताची काडी घातलेले असते. सोम्यूरच्या बाजूला दगडी गुहांतल्या खानावळींत फुए नावाच्या छोट्या पोकळ रोट्या लाकडाच्या भट्टीतून गरमागरम येतात. त्यांत अळंबी, पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ किंवा चीज भरून मागता येते. मात्र डुकराच्या मांसाचे रियेतही त्याच ताटात असते, म्हणून आधीच सांगून ठेवावे. वाइन घेणाऱ्यांनी व्हुव्रेची पांढरी आणि शिनाँची लाल चाखावी.

मुक्कामासाठी तूर सर्वांत सोयीचे. पॅरिसहून वेगवान गाडीने तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, पण बऱ्याच गाड्या शेजारच्या सँ-प्येर-दे-कोर या स्थानकातच थांबतात आणि तिथून जोडगाडी पकडावी लागते. शनोन्सोचे स्थानक वाड्याच्या फाटकालगतच आहे, मात्र गाड्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. शाँबोरला रेल्वे नाही. ब्ल्वाहून हंगामी बस, टॅक्सी किंवा सायकल एवढेच पर्याय. जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळून मे, जून किंवा सप्टेंबर धरावा. आणि प्रवास ब्ल्वाकडून सुरू करून पश्चिमेला आंजेत संपवावा, कारण आंजेहूनही पॅरिसची वेगवान गाडी मिळते आणि आलेल्या वाटेने परत फिरण्याची गरज पडत नाही.