कपाशी की सोयाबीन? जगाच्या व्यापारात कोणतं पीक कमी मार खाईल

यवतमाळ-वर्ध्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पेरणीआधी आता पावसाबरोबर परदेशी बाजाराचाही अंदाज घ्यावा लागतो. म्हणून ही दोन पिकं त्याच अंगानं तोलून पाहू.

आधी कपाशी. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. कापड उद्योग अडचणीत आला, तर आपल्या सरकारनं 19 ऑगस्टपासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं आणि पुढे ही सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात बाहेरच्या रुईला, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाला, दार उघडं. गिरण्या वाचायला हव्यात, पण त्याची किंमत शेतकऱ्यानं का मोजायची? त्याआधी एप्रिलमध्ये बांगलादेशानं भारताचं सूत जमिनीच्या मार्गानं घेणं थांबवलं होतं. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण 34 किलो, बाकी बहुतेक सरकी. तरी भाव मुख्यतः रुईच ठरवते.

एवढं असूनही कपाशीच्या मागे सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी भारतीय कापूस महामंडळ, उभं असतं. 2025-26 साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. खरी मेख ओलाव्याची. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे 12 पर्यंत कपात, आणि वर गेला की गाडी परत. पहिली वेचणी दव उतरल्यावरच करा, कापूस लगेच गाठोड्यात दाबू नका, अंगणात पसरून उन्हं दाखवा. गावोगाव फिरून कापूस घेणारा खेडा खरेदीवाला दारात येतो तो नेमका या ओल्या कापसासाठी.

सोयाबीनचा त्याच वर्षीचा हमीभाव 5,328 रुपये. मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्के झालं, त्याचा दाब आहेच. पण क्विंटलभर दाण्यात तेल जेमतेम 18 किलो, बाकी बहुतांश ढेप. ती परदेशात ब्राझील-अर्जेंटिनाच्या स्वस्त ढेपेशी भिडते, आणि देशात कोंबडीखाद्यात इथेनॉल कारखान्यांचा मका-तांदळाचा चोथा तिची जागा घेतोय. दोन्हीकडून कोंडी. सरकारी खरेदीतही ओलाव्याची अट आहे, आणि सोंगणी (कापणी) नेमकी परतीच्या पावसात सापडते.

सोयाबीनची जमेची बाजू म्हणजे शंभरेक दिवसांत रान मोकळं होतं, हरभरा घेता येतो, आणि काढणीची मजुरी एकदाच लागते. कपाशीला तीन-चार वेचण्या, त्याही किलोच्या दरानं, वर बोंडअळीची धास्ती.

माझं मत स्पष्ट आहे. भारी काळी जमीन आणि घरात वेचायला माणसं असतील तर मोठा हिस्सा कपाशीला द्या. हरभऱ्यापुरतं पाणी असेल आणि वेचायला मजूर मिळत नसतील तर सोयाबीन घ्या. तुरीचे तास (ओळी) दोन्हीत ठेवा, पण म्यानमार-मोझांबिकची तूर येत राहते, तेव्हा तिच्या भरवशावर कर्ज काढू नका.

आणि कपाशी लावलीत तर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, वेळेत करा. सातबाऱ्यावर कापसाचा पेरा दिसला नाही, तर सीसीआयची नोंदणी अडते.