खडक, सैतान की भोवरा: अडचणीत सापडण्याच्या तीन इंग्रजी जागा

दोन्ही बाजूंनी अडचण झाली आहे, हे इंग्रजीत सांगायचे असले की लिहिणाऱ्यासमोर तीन वाक्प्रचार येतात. ‘बिट्वीन अ रॉक अँड अ हार्ड प्लेस’, म्हणजे खडक आणि टणक जागा यांच्यामध्ये. ‘बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी’, म्हणजे सैतान आणि खोल निळा समुद्र यांच्यामध्ये. आणि ‘बिट्वीन सिला अँड करिब्डिस’, म्हणजे ग्रीक पुराणातल्या दोन संकटांच्या मधोमध. मराठीत उतरवताना आपण तिन्हींना सरसकट ‘इकडे आड, तिकडे विहीर’ म्हणून मोकळे होतो आणि इंग्रजीत लिहिताना जो आधी आठवेल तो वापरतो. तिन्हींत माणूस मध्ये आहे हे खरे. पण तो जागीच दाबला जातो आहे, दोन्हींकडून मारा सोसतो आहे, की पुढे निघाला आहे, हे प्रत्येकात वेगळे आहे आणि निवड त्यावरूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

खडकाचा वाक्प्रचार अमेरिकी आहे आणि तिघांत सर्वांत तरुण आहे. ‘डायलेक्ट नोट्स’ या बोलींच्या अभ्यासपत्रिकेत १९२१ साली त्याची नोंद झाली. तिथे त्याचा अर्थ ‘दिवाळे निघणे’ असा दिला असून, अलीकडच्या आर्थिक घबराटींच्या काळात तो ॲरिझोनात सर्रास वापरला जात असे, असेही म्हटले आहे. त्याच्या उगमाची म्हणून ॲरिझोनातल्याच बिस्बी या गावची हकिकत पुष्कळदा सांगितली जाते. तिथल्या तांब्याच्या खाणींत संप झाला आणि १२ जुलै १९१७ रोजी हजाराहून अधिक माणसांना गुरांच्या वाघिणींत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडण्यात आले. एका बाजूला खाणीतला खडक आणि दुसऱ्या बाजूला उपासमार, असा त्यावरून अर्थ लावतात. घटना खरी आणि संतापजनक आहे. परंतु १९२१ची नोंद संपाकडे बोट दाखवत नाही, पैशाच्या चणचणीकडे दाखवते. म्हणून घरभाडे भरले तर मुलांची फी राहते आणि फी भरली तर घर सोडावे लागते, अशा रोजच्या, आर्थिक, श्वास कोंडणाऱ्या स्थितीला हा वाक्प्रचार अगदी चपखल बसतो. बोलण्यात आणि साध्या लेखनात तोच घ्यावा.

सैतानाचा वाक्प्रचार बराच जुना आहे. सतराव्या शतकात युरोपात झालेल्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’त स्वीडनच्या बाजूने लढलेले स्कॉटिश अधिकारी रॉबर्ट मन्रो यांच्या १६३७ साली छापलेल्या पुस्तकात तो आढळतो. मन्रो आपल्या तुकडीसह मोर्चा धरून पडले होते. शत्रूचे गोळे त्यांच्यावर येत होतेच, पण मागून डागलेले स्वतःच्या तोफांचे गोळेही मध्येच कमी पडून त्यांच्या अंगावरून घसटत जात होते. या अवस्थेला त्यांनी सैतान आणि खोल समुद्र यांच्यामध्ये असणे म्हटले आहे. ‘निळा’ हे विशेषण तिथे नाही, ते नंतर जोडले गेले. जहाजाच्या फळ्यांमधील एका लांब फटीला खलाशी ‘डेव्हिल’ म्हणत आणि ती बुजवताना माणूस समुद्रावर लोंबकळत असे, अशी एक व्युत्पत्ती फार आवडीने सांगितली जाते. हे फटीचे नाव १८६७च्या एका नाविक शब्दकोशात आहे खरे; मात्र तो कोश मन्रो यांच्या पुस्तकानंतर तब्बल २३० वर्षांनी निघाला, आणि मन्रो तर जमिनीवर होते. त्यांच्या वाक्यातला सैतान साधा, सर्वांना ठाऊक असलेला सैतानच मानणे मला अधिक योग्य वाटते. दोन्हींकडून सारखाच घात होणार असेल आणि निवडीला अर्थच उरला नसेल, तेव्हा हा वाक्प्रचार वापरावा.

तिसरा होमरच्या ‘ओडिसी’च्या बाराव्या सर्गातून आला. सिला ही सहा तोंडांची राक्षसी कड्याच्या गुहेत दबा धरून बसते. समोरची करिब्डिस म्हणजे भोवरा; ती दिवसातून तीनदा समुद्र गिळते आणि ओकते. ही जागा सिसिली आणि इटलीची मुख्य भूमी यांच्यामधली मेसिनाची सामुद्रधुनी मानली जाते, जी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम तीन किलोमीटर आहे. सर्सी ही जादूगारीण काव्याचा नायक ओडिसियस याला बजावते, की सिलाच्या बाजूने जहाज काढ, कारण सगळे गमावण्यापेक्षा सहा माणसे गमावलेली बरी. आणि नेमकी सहा माणसे जातात. येथे थांबणे शक्य नाही, मार्ग कापायचाच आहे आणि कोणते नुकसान पत्करायचे ते आधी ठरवायचे आहे. व्याजदर वाढवले तर रोजगार घटतो, न वाढवले तर महागाई भडकते, अशा पेचातून वाट काढणाऱ्या मध्यवर्ती बँकेविषयी लिहिताना हाच वाक्प्रचार योग्य ठरतो. मात्र वाचकाला ग्रीक कथा माहीत नसेल, तर तो वाक्याचे ओझे होतो.

आता मराठीकडे येऊ. आड म्हणजे घराच्या परसातला अरुंद तोंडाचा, पायऱ्या नसलेला खोल खड्डा आणि विहीर त्याहून ऐसपैस. कोणत्याही बाजूला पाय घसरला तरी पडणे एकच. म्हणून ही म्हण सैतान आणि समुद्राच्या सर्वांत जवळची आहे, तिथे ती बेलाशक वापरावी. खडकासाठी ‘कात्रीत सापडणे’ अधिक नेमके आहे, कारण त्यात दोन्हींकडून येणारा दाब आहे. सिला आणि करिब्डिससाठी मात्र मराठीत तयार जोड नाही. तिथे म्हण शोधत बसण्यापेक्षा ‘एकीकडे थोडे गमावून वाट काढणे’ असे सरळ लिहावे.