नाकावरच्या ठिपक्यांना लेसर: खपली पडून गेल्यानंतरचा अनुभव

डिसेंबरात पुण्यात लेसर सुरू केलं, आता गणपती होऊन गेले. जानेवारीत लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, कारण खपल्या पडल्यावर सुरुवातीला चेहरा इतका नितळ दिसतो की बघत राहावं. खरी परीक्षा एप्रिल-मेच्या उन्हात झाली.

माझा रंग गोरा-गव्हाळ. आमच्या माहेरी घारे डोळे आणि नाकावरचे तपकिरी ठिपके एकगठ्ठाच मिळतात. आजीला होते, आत्याला आहेत. उन्हाळ्यात गडद व्हायचे, थंडीत फिके पडायचे. चाळिशीनंतर गालांवरही सावट आलं, तेव्हा मात्र मनावर घेतलं. आईचं म्हणणं, "मुलगा दहावीला गेला, आता कुणाला दाखवायचाय चेहरा?" रोज आरशात मलाच बघायचा असतो, हे तिला पटलं नाही.

लेसरपेक्षा डॉक्टर शोधण्यातच जास्त डोकं गेलं. एका चकाचक क्लिनिकमध्ये पहिली तपासणी फुकट होती. पांढरा कोट घातलेल्या मुलीने माझ्या चेहऱ्याचे फोटो काढले, टॅबवर टक्केवारी दाखवली आणि सहा सिटिंगच्या पॅकेजचा आकडा सांगितला. आजच पैसे भरले तर वर रंग उजळवण्यासाठी म्हणून दिलं जाणारं ग्लुटाथायोन फुकट! डॉक्टर कुठे आहेत विचारलं, तर "मॅडम प्रोसीजरच्या दिवशी भेटतील." तिथून उठले. दुसरीकडे डॉक्टर भेटले, पण माझ्याकडे धड न बघताच "टोनिंग करून टाकू" म्हणाले, म्हणजे सगळ्या चेहऱ्यावर हलकं लेसर.

तेव्हापासून आधी पदवी बघायला लागले. त्वचारोगाचं एमडी, डीएनबी, किंवा डीव्हीडी-डीडीव्हीएलसारखा डिप्लोमा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' या पाटीमागे अनेकदा फक्त एखादा कोर्स असतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरांचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून बघता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण भिडेपोटी कुणी करत नाही.

ज्यांच्याकडे शेवटी थांबले, त्या डॉक्टरबाईंचा दवाखाना जुन्या इमारतीत, लिफ्ट अधूनमधून बंद. त्यांनी आधी चेहरा धुवायला लावला. खिडकीजवळ बसवून डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, एकेक भाग पाहिला, मग अंधार करून वुड्स लॅम्पच्या जांभळट प्रकाशाखाली. आणि म्हणाल्या, "नाकावरचे आणि डोळ्यांखालचे फ्रेकल्स आहेत. गालांवर दोन्हीकडे सारखं पसरलंय तो वांग. कानशिलाकडचे हे उंच दाणे तिसरंच काहीतरी, ते निरुपद्रवी असतात, काढायचेच तर कॉटरीने, म्हणजे विजेने जाळून. लेसर फक्त नाकापुरता." पूर्ण चेहऱ्याचे पैसे द्यायला आलेल्या बाईला एवढंसंच काम सांगणारा माणूस मला तिथेच पटला.

वांगाला लेसर का नको, हेही त्यांनी नीट सांगितलं. वांगाच्या त्वचेतल्या रंगपेशी आधीच चिडलेल्या असतात. लेसरने डाग फिका होतोही, पण उलटून आधीपेक्षा गडद येण्याची भीती असते. त्यामुळे तिथे आधी सनस्क्रीन आणि क्रीम. केमिस्टकडून परस्पर एखादं 'गोरं करणारं' क्रीम लावता का, हे त्यांनी दोनदा विचारलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशी तिन्ही एकत्र असलेली ट्यूब आपल्याकडे पावडरसारखी वापरली जाते. माझी एक शेजारीण वर्षभर लावत होती. आता नुसत्या गॅसपाशी उभी राहिली तरी तिचे गाल लालबुंद होतात.

माझ्यावर वापरलं ते क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचं लेसर, त्यातला ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश. वरच्या थरातला तपकिरी रंग ते चांगलं पकडतं. पण आपल्या भारतीय त्वचेत मुळातच रंग असतो, तोही ते पकडतं, त्यामुळे भाजून काळा डाग राहायचा धोका इथे जास्त. त्याच लेसरची दुसरी तरंगलांबी, १०६४ नॅनोमीटर, खोल जाते आणि सावळ्या त्वचेला त्यातल्या त्यात सुरक्षित, पण बारीक फ्रेकल्सवर तेवढं चालत नाही. म्हणून आधी कानाजवळच्या एका ठिपक्यावर चाचणी केली आणि काही आठवडे वाट पाहायला लावली.

प्रत्यक्ष लेसर दहा मिनिटांत उरकतं. बधिर करणारं क्रीम लावून वर प्लॅस्टिकची फिल्म, मग डोळ्यांवर धातूच्या वाट्या. टिक, टिक असा आवाज आणि दर टिकेला तापलेल्या रबरबँडचा फटका. नाकाच्या शेंड्यावर डोळ्यांतून पाणी आलंच. बारीक लव जळल्याचा वास येतो, त्याची कल्पना मला कुणी दिली नव्हती. आरशात पाहिलं तर प्रत्येक ठिपका खडूने टिंब दिल्यासारखा पांढरा. संध्याकाळपर्यंत तेच ठिपके कॉफीच्या रंगाचे झाले, आणि आठवड्याभरात खपल्या आपोआप पडल्या. तोवर व्हॅसलीन लावायचं आणि खपली नखाने काढायची नाही. ऑफिसात सगळ्यांना वाटलं मला कांजिण्या झाल्यात.

सिटिंगला साडेचार हजार, क्रीम आणि सनस्क्रीनचा खर्च वेगळा. वर्षभराचं सनस्क्रीन लेसरइतकंच महाग पडतं, हे हिशेबात धरा. दोन बोटं भरून, दर तीन तासांनी, पावसाळ्यातही. वांगासाठी लोहाचे ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन दिलंय, कारण वांग नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो. ते पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्याला लागतं आणि धुऊन जात नाही.

आता निकाल. नाकावरचे बहुतेक ठिपके गेले. डाव्या डोळ्याखालचा एक मात्र लेसरनंतर आधीपेक्षा काळा झाला आणि तीन-चार महिने तसाच होता. डॉक्टरांनी ही शक्यता आधीच सांगितली होती, डाग फिका करणारं अझेलेइक ॲसिडचं क्रीम दिलं, हळूहळू उतरला. मे महिन्यात दापोलीला गेलो, टोपी आणि सनस्क्रीन असूनही नाकाच्या दांड्यावर पाच-सहा ठिपके परत उगवले. फ्रेकल्सची सवय रक्तातली, लेसर फक्त आहे तेवढा रंग फोडतं. 'कायमस्वरूपी' असं कुणी लिहून देत असेल तर तिथून चप्पल घाला आणि निघा. गालांवरचा वांग निम्म्याने फिका आहे, तोही क्रीमने, लेसरचा त्यात काही वाटा नाही.

पाचपैकी द्यायचे तर लेसरला साडेतीन, डॉक्टरबाईंना पाच. पुढचं सिटिंग दिवाळीनंतर, ऑक्टोबरचं ऊन उतरलं की, आणि तेही नव्याने उगवलेल्या ठिपक्यांपुरतंच. कानशिलावरचे दाणे मी ठेवून दिलेत.